वर्नाताईचा लाल दिवा

ओक लँडिंग, आयोवा
ता. १८ मे १९७५

चि. ओरिन यास,
वर्नाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, मोटेलच्या कागदावर चार ओळी, आणि त्यातल्या तीन गाडीच्या गिअरबॉक्सबद्दल! साठीला टेकलास, आता तरी बहिणीला नीट पत्र लिहायला शीक. गुडघे कसे आहेत ते कळवलं नाहीसच. सहा राज्यांतली पोरं कशी धावतात ते क्लबच्या कचेरीला पानंच्या पानं लिहून कळवतोस, आणि स्वतः जिना कसा उतरतोस ते बहिणीला सांगायला तुझी शाई आटते.

इकडे सगळं ठीक. नदीवरचे डास आले, बेसबॉलचे सामने सुरू झाले, आणि क्लबने यंदाही एक खेळाडू माझ्याकडे राहायला पाठवला. एमिल थिबोडो नाव. वीस वर्षांचा, लुईझियानातल्या दलदलीकडचा, दुसऱ्या बेसवर खेळतो. उंचीने बेताचाच आहे, पण वाक्यागणिक 'हो बाई, नाही बाई' करतो, आणि न सांगता भांडी विसळतो. खाणं मात्र असं की पहिल्या रविवारी दोन दिवसांसाठी भाजलेलं मांस ह्याने एका बैठकीत संपवलं आणि वर नम्रपणे विचारलं की जेवण कधी आहे. मला वाटलं चेष्टा करतोय. तो खरंच विचारत होता.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? गावोगावच्या आपल्या लहान संघांमधून कोणाला वरच्या संघात न्यायचं आणि कोणाला घरी पाठवायचं, हे तुझ्या शब्दावर ठरतं. तर एकदा इकडे ये आणि ह्या पोराला बघ. त्याचे हात मांजरासारखे चपळ आहेत. कचेरीतली मंडळी नुसते आकडे बघून उंटावरून शेळ्या हाकतात. आकडे बरे नाहीत हे मलाही माहीत आहे. मीच तर ते लिहिते.

हॅराल्ड गेले त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून स्टँडच्या माथ्यावरच्या खोलीत गुणलेखकाची त्यांची खुर्ची मीच चालवते, आणि अजून कोणी बोट दाखवलेलं नाही. परवा पाद्रीबुवांच्या पत्नीने मला विचारलं की मैदानातल्या गुणफळ्यावर कधी लाल दिवा लागतो, कधी हिरवा, ते काय असतं? इतकी वर्षं मैदानावर येते ती बाई! मी तिला सांगितलं की फलंदाज चेंडू मारून बेसवर पोचला की मी ठरवायचं, ही त्याची कमाई की समोरच्याची चूक. साध्या प्रयत्नात अडवता आला असता आणि सुटला, तर चूक, म्हणून लाल. नाही तर हिट, म्हणून हिरवा. लाल लागला की फलंदाज बेसवर उभा असला तरी त्याच्या खात्यावर तो बादच. ती म्हणाली की हे फार कडक आहे. मी म्हटलं की म्हणूनच तर मला बसवलंय.

शेजारच्या प्रुडन्स हासने पहिल्याच आठवड्यात चर्चच्या पायऱ्यांवर चार बायकांसमोर टोमणा मारला की यंदा वर्नाच्या पाहुण्यासाठी हिरव्या दिव्यांची रोषणाई होणार. मी तिला तिथेच सुनावलं की घरात मी एमिलची मालकीण असेन, त्या खुर्चीत मी कोणाची कोणी नाही, आणि हे अख्ख्या गावाला दिसेल. तेव्हापासून ती गप्प आहे.

गुडघ्यांना गरम पाण्याचा शेक घे. माया आहेच, ती पत्रातून मागायची वेळ आणू नकोस.

तुझी,
वर्नाताई

*

विस्कॉन्सिन, रस्त्यात कुठेतरी
ता. २६ मे १९७५

ती. वर्नाताईस,
ओरिनचा सा. न. वि. वि.

गुडघे आहेत. डावा पावसाची बातमी आधी देतो, उजवा त्याला दुजोरा देतो. झालं समाधान?

तुझ्या एमिलबद्दल वाचलं. ताई, तीस वर्षं मी खेळाडू पारखतोय, पण ताटावरून पारखायची तुझी विद्या मला साधली नाही. गेल्या साली तुझ्याकडे तो चेंडू फेकणारा लांबोडका पिचर होता, त्याच्याबद्दलही तू असंच लिहिलं होतंस. तो आज त्याच्या काकाच्या दुकानात ट्रॅक्टर विकतो आणि छान जेवतो.

मी आधी पाय बघतो. मग बाद झाल्यावर पोरगा परत कसा चालत येतो ते बघतो. बॅट आपटत येणारा एक दिवस सुधारतो. हसत येणाऱ्याचं मात्र काही खरं नसतं. हे सगळं मी लिहितो, पण कचेरीतले गॅडिससाहेब आधी आकडा बघतात आणि आकडा आवडला तर माझं पत्र उघडतात. तुझा पोरगा दहा वेळा बॅट घेऊन उभा राहतो आणि जेमतेम दोनदा हिट मारतो. तीनदा मारणाऱ्याला वर नेतात. दोनदावाल्याला ऑगस्टमध्ये घरचं तिकीट देतात. एमिलचं नाव आत्ताच त्या बोलण्यात आहे. हे तुझ्यापाशीच ठेव. त्याला कळलं तर जे दोन आहेत तेही जातील.

एक गंमत मात्र माझ्या लक्षात आली. मी त्याचे परगावचे सामने वेगळे काढून बघितले. तिथे तो दहात जवळजवळ तीनदा मारतो. ओक लँडिंगमध्ये दोनदासुद्धा नाही. बाकी सगळी पोरं घरच्या मैदानावर वाघ असतात आणि बाहेर मांजर. ह्याचंच उलटं का? मला तर वाटतं, तू त्याला दुपारी बटाटे, मांस, लोण्यातला मका असं कोंबतेस आणि तो संध्याकाळी बॅटवर डोकं टेकून झोपतो. पोराची कारकीर्द तुझ्या स्वयंपाकघरात बुडतेय ताई. जरा हात आखडता घे.

जुलैत वेळ काढून येतो. कोणाला सांगू नकोस. आणि मी मोटेलमध्येच उतरेन. पारख्याने खेळाडूच्या छपराखाली झोपायचं नाही हा आमचा नियम आहे, आणि तुझ्या पाहुण्यांच्या खोलीतली गादी हे त्याचं दुसरं कारण.

रागावलीस तरी उत्तर लिही,
ओरिन

*

ओक लँडिंग
ता. १५ जून १९७५

चि. ओरिन यास आशीर्वाद, थोडे हातचे राखून.

माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणारा तू कोण? आईच्या पाठीमागे तुला ह्याच हातांनी वाढवलं, आणि तू कुठे बॅटवर डोकं ठेवून झोपलास? बॅट हातात धरायलाच तुला जमली नाही, म्हणून तर दुसऱ्यांची धरलेली बघत फिरतोस.

तरीपण बाण लागला. मनात म्हटलं, खरंच पोराचं नुकसान होत असेल तर? म्हणून सामन्याच्या दिवशी दुपारी फक्त कोबीचं सॅलड आणि उकडलेलं अंडं सुरू केलं. पहिल्या दिवशी एमिल ताटाकडे असा बघत राहिला जसं कोणी घरातलं गेलंय. पण 'थँक्यू बाई' म्हणाला आणि खाल्लं. दहा दिवस हे चाललं. अकराव्या दिवशी प्रुडन्स हासने मला दुकानात सगळ्यांदेखत सांगितलं की माझा पाहुणा रोज दुपारी तिच्या मागच्या दाराने येतो, तिच्याकडे राहणाऱ्या शॉर्टस्टॉपबरोबर, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली जागा राखणाऱ्या पोराबरोबर, डुकराचे चॉप्स खातो, आणि माझ्या सॅलडची तारीफ करतो. माझी मान खाली गेली रे! आता पुन्हा बटाटे सुरू आहेत. आणि घरचे आकडे? तसेच. तेव्हा तुझी विद्या तुझ्यापाशीच ठेव.

रविवारी त्याने माझ्या स्वयंपाकघरात त्यांच्याकडचं कालवण केलं. भेंडी, कोळंबी, आणि तिखट असं की पाद्रीबुवा दुसऱ्या घासाला गॉगल घालून बसले, कारण डोळ्यांतून पाणी थांबेना. एमिल म्हणाला की पाहुणे आहेत म्हणून मिरची कमीच घातली.

ऐक, चेष्टा पुरे. परवा अंगणात तो तासभर एकटाच भिंतीवर चेंडू मारत होता. मी खिडकीतून विचारलं की आज सुट्टी ना? तर म्हणाला की घरी परत गेलं तर बापाबरोबर कोळंबीच्या होडीवर जायचं आहे, आणि त्याला होडी लागते, उलट्या होतात. दलदलीतल्या माणसाला होडी लागते, म्हणजे बघ त्याची काय गत होईल. हसत सांगत होता, पण मला हसू आलं नाही.

तू लवकर ये. मी काही वशिला लावत नाही. त्याच्या वाट्याचं नाही ते केसभरही मी त्याला देणार नाही, आणि दिलेलं नाही. पण आहे ते तरी कोणीतरी बघावं.

ओढ आहे म्हणून लिहिते, नाहीतर तुझी लायकी नाही,
वर्नाताई

*

इलिनॉय
ता. १३ जुलै १९७५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल रात्रीचं तुझं जेवण अजून अंगावर आहे, आणि हे पत्र लिहायला हात उचलत नाही, पण त्याला जेवण कारण नाही. जे बोलायचं होतं ते तुझ्या टेबलाशी बोलायची माझी छाती झाली नाही. तुझ्या हातात लाटणं होतं.

तुझ्या एमिलला दोन दिवस बघितलं. पोरगा चांगला आहे. हात चपळ आहेत, तू म्हणालीस तसे. बाद झाल्यावर ना बॅट आपटतो ना हसतो, पुढच्याच्या कानात काहीतरी सांगून येतो. मी खेळाडूंच्या बाकाशेजारी उभा राहून ऐकलं. तो पिचरचा हात कसा पडतोय ते सांगत होता. असा पोरगा वर्षात एखादाच दिसतो.

आणि त्याच्या बॅटचं कोडंही मला सुटलं. ताई, काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी माझी गत झाली. मी तुझे बटाटे मोजत बसलो.

शुक्रवारी चौथ्या डावात त्याने चेंडू मारला, आठवतो? शॉर्टस्टॉपच्या उजवीकडे, जमिनीलगत, बंदुकीच्या गोळीसारखा. त्या पोराने आडवी उडी घेतली, हातमोज्याच्या टोकाला चेंडू लागला आणि पलीकडे गेला. देवानेसुद्धा तो अडवला नसता. मी हिरवा लागणार म्हणून वर बघतो, तर लाल. शनिवारी पुन्हा. कुंपणाशी पळत गेलेल्या क्षेत्ररक्षकाच्या बोटांना चाटून चेंडू पडला, की लाल. त्याच डावात समोरच्या संघाच्या पोराने मारलेला ह्याहून सोपा चेंडू सुटला, त्याला तू हिरवा दिलास.

माझ्या शेजारी दुसऱ्या क्लबचा क्लाइड नावाचा जुना पारखी शेंगदाणे खात बसला होता. आपलं नातं त्याला ठाऊक नाही. तो मला सांगतो कसा, की वर बसलेली बाई ह्या पोराची घरमालकीण आहे, घरी भाडं घेते आणि मैदानावर हिट काढून घेते. म्हणाला की आमच्यात सगळ्यांना माहीत आहे. माझा शेंगदाणा घशात अडकला. त्याने पाठीत चार बुक्के घातले तेव्हा मी वाचलो.

ताई, तू सुतासारखी सरळ आहेस. पण पक्षपात होऊ नये म्हणून तू इतकी मागे झुकलीस की दुसऱ्या बाजूने पडलीस. मी जे पाहिलं ते कचेरीला लिहिणार आहे. ते वाचून गॅडिससाहेब काय म्हणतील तेही मला ठाऊक आहे: बहिणीचा पाहुणा, भावाची शिफारस. पण तू आधी स्वतःशी एकदा विचार कर. दिलेला निर्णय चोवीस तासांत बदलता येतो, नंतर येत नाही, म्हणजे मागचे गेले ते गेलेच. पुढचे मात्र अजून तुझ्या बोटाखाली आहेत.

लाटणं खाली ठेवून उत्तर लिही. नाही लिहिलंस तर मी स्वतःच पुन्हा येऊन ते गादीचं दुःख भोगेन.

तुझा,
ओरिन

*

ओक लँडिंग
ता. १६ जुलै १९७५

ओरिन,

शुक्रवारचा चेंडू ही चूकच होती. शनिवारचाही. तुझे डोळे गुडघ्यांच्या मार्गाला लागलेत. आठ वर्षांत मला कोणी हे बोललेलं नाही, आणि हॅराल्ड असते तर तुझी बोलायची हिंमत झाली नसती. क्लाइडच्या शेंगदाण्यांना माझ्या वतीने सांग की पुढच्या वेळी घशात नीट अडका.

वर्ना

ता. १७ जुलै

वरचा कागद पाकिटात घातला आणि टपालात टाकायला गेले ती तशीच परत आले. तो तसाच ठेवते. तुला वाचायचा हक्क आहे.

काल संध्याकाळी एमिल भांडी विसळत होता. मी पुसत होते. मी त्याला सरळ विचारलं की मी तुझे हिट खाल्ले का? त्याने ताट दोनदा विसळलं. मग म्हणाला की असं काही नाही बाई. मी म्हटलं की माझ्या घरात खोटं बोलायचं नाही. तेव्हा म्हणाला, हो, थोडे खाल्लेत.

किती थोडे, ते विचारायची मला ताकद नव्हती. तोच सांगू लागला. म्हणे मे महिन्यात फार राग यायचा. संघातली पोरं चिडवायची की तुझी घरमालकीण रात्री वाढते ते दुसऱ्या दिवशी वसूल करते. एकदा तो मागच्या पायऱ्यांवर बसून ठरवत होता की आज बोलायचंच. मग त्याच्या मनात आलं की बोललो तर दोनच गोष्टी होतील. एक तर बाई मला दुसऱ्याच्या घरी पाठवतील. नाही तर बाईंना माझी दया येईल आणि त्या मला फुकटचे हिट देतील, आणि मग खरा कुठला आणि फुकटचा कुठला हे त्याचं त्यालाच कळणार नाही. त्यापेक्षा कडक बरं, असं म्हणून तो उठला आणि जेवायला आत आला. वर मलाच समजावतो कसा, की हिट काय, परगावी मिळतात, पण परगावी असे बटाटे मिळत नाहीत.

ओरिन, मी ओल्या फडक्याने डोळे पुसले. त्या पोराने दोन महिने माझं मीठ खाल्लं आणि माझा अन्याय गिळला, आणि 'थँक्यू बाई' म्हणत राहिला. प्रुडन्सच्या एका टोमण्यासाठी मी त्याला पुरतं लुटलं. तोंडावर कोणी पक्षपाती म्हणू नये एवढीच माझी हौस होती. कुंपणानेच शेत खाल्लं रे. मला फार लाज वाटते.

मी आजच खुर्ची सोडते म्हणाले, तर एमिल घाबरला. म्हणाला की आत्ता सोडलीत तर लोक म्हणतील मी तक्रार केली. तू सांग आता काय करू. तुझ्या सल्ल्याची मला इतकी गरज कधी पडली नव्हती, आणि ह्याची आठवण मला जन्मभर करून देऊ नकोस.

तुझी,
वर्नाताई

*

इंडियाना
ता. २७ जुलै १९७५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जन्मभर नाही, फक्त नाताळात आठवण करून देईन.

खुर्ची सोडू नकोस. पोरगा बरोबर बोलतो. नेहमीच्या जागी बस, आणि चेंडू बघ. कोणी मारलाय ते बघू नकोस. डोळे बारीक केलेस तर पाठीवरचा आकडा दिसत नाही, ही युक्ती मी जावई बघतानाही वापरली होती.

मी कचेरीला सगळं लिहिलं. घरचे आणि परगावचे सामने वेगळे मांडले, दोन्ही चेंडूंचं वर्णन केलं, आणि खाली स्पष्ट लिहिलं की गुणलेखक माझी सख्खी थोरली बहीण आहे, खेळाडू तिच्या घरी राहतो, आणि चूक तिचीच आहे. तुझा पत्ताही दिला. गॅडिससाहेबांचा फोन आला. आधी पाच मिनिटं ते नुसते हसत होते. म्हणाले की ओरिन, सत्तावीस वर्षांत असला वशिला बघितला नाही, बहिणीलाच आरोपी करून आणलंस. मग हसणं थांबलं आणि म्हणाले की हे खरं असेल कशावरून? तुम्ही दोघांनी मिळून पोराला वाचवायला रचलेलं नाटक असेल तर?

मी म्हटलं, या आणि बघा. ते शनिवारी ९ ऑगस्टला दुपारच्या सामन्याला येणार आहेत. एकच सामना, आणि त्यावर निकाल. मला मुद्दाम ओहायोला धाडलंय, म्हणजे मी स्टँडमधून तुला डोळे मारणार नाही.

ताई, आता एकच जपायचं. तू त्याच्यावर अन्याय केलास म्हणून त्या दिवशी भरपाई करायला जाऊ नकोस. एक खोटा हिरवा दिवा लागला, की माझं पत्र खोटं, तुझं मन खोटं, आणि पोरगा सोमवारी होडीवर. तुला हे लिहिताना माझं मन खातंय, कारण मी तुझ्या जागी असतो तर माझं बोट घसरलं असतं.

ह्या वेळी आशीर्वाद मीच देतो, वयाचं नंतर बघू,
ओरिन

*

ओक लँडिंग
ता. १० ऑगस्ट १९७५

चि. ओरिन यास,
वर्नाताईचे अनेकानेक आशीर्वाद, आणि ह्या वेळी सगळेच्या सगळे.

गॅडिससाहेब आले. गवती टोपी घालून होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाजाच्या जागेच्या, मागे बसले आणि अख्खा सामना दातकोरणं चावत होते. माझ्या हातून पेन्सिल दोनदा खाली पडली.

पहिल्या डावात एमिलचा चेंडू सरळ हातात गेला. तिसऱ्या डावात त्याने तिसऱ्या बेसकडे मारला. जोरात होता, पण उसळी छातीएवढी, अगदी दोन्ही हातांत येणारी. तिथल्या पोराने तो घेतला आणि सांडला. एमिल बेसवर पोचला. सगळं स्टँड उभं राहून हिरवा, हिरवा म्हणून ओरडायला लागलं. गावाला आता सगळं माहीत झालंय, कसं ते मला विचारू नकोस, माझ्या शेजारी प्रुडन्स राहते. सगळ्यांना वाटलं वर्ना आता तरी उपकार फेडेल.

ओरिन, माझं बोट हिरव्यावर होतं. खरं सांगते, होतं. त्या पोराची होडी माझ्या डोळ्यांसमोर आली. मग मी तुझं ऐकून डोळे बारीक केले आणि नुसता चेंडू आठवला. ती चूक होती. मी लाल दाबला.

काय आरडाओरडा झाला! प्रुडन्स हास, जिच्या तोंडाला भिऊन मी हे सगळं केलं, तीच खाली उभी राहून विचारत होती की वर्ना, तुझ्या छातीत काळीज आहे की दगड? मी मान खाली घालून लिहीत राहिले. एमिलने मात्र बेसवरून वर बघितलं आणि टोपीला हात लावला.

आठव्या डावात तो पुन्हा आला. चेंडू शॉर्टस्टॉपच्या उजवीकडे खोल गेला. त्या पोराने आडवं पडून अडवला, गुडघ्यांवरूनच फेकला, पण एमिलचा पाय आधी पडला होता. जूनमध्ये मी म्हटलं असतं की जरा लवकर फेकायला हवा होता, आणि लाल दाबला असता. काल हिरवा दाबला. तो हिरवाच होता.

सामना संपल्यावर गॅडिससाहेब जिना चढून वर आले. टोपी हातात. त्यांनी तिसऱ्या डावातल्या चेंडूबद्दल विचारलं. मी म्हटलं की माझ्या आईने मारला असता तरी ती चूकच होती. मग त्यांनी मे-जूनच्या चेंडूंबद्दल विचारलं. मी म्हटलं की ते आता बदलता येत नाहीत, पण मी पोराला लुटलं हे विचारील त्याला सांगेन, आणि मी त्यांना सांगितलं. त्यांनी दातकोरणं खिशात टाकलं. मग म्हणाले की नाटक करणाऱ्या बाईने तिसऱ्या डावातच दिवा हिरवा केला असता. वरच्या संघातल्या त्यांच्या दुसऱ्या बेसवाल्याचा घोटा मोडलाय. एमिलने सहाच्या बसने निघायचं.

सहाच्या! पाच वाजून गेले होते. गुणपत्रक अर्धं भरायचं बाकी, लीगला फोन करून आकडे सांगायचे, तोवर जागेवरून उठायचं नाही हा नियम. आठ वर्षांत मी तो मोडला नव्हता. काल पेन्सिल कानावर ठेवून मी तशीच डेपोकडे धावत सुटले. हो, धावले. तू पारखायला हवं होतंस.

एमिल बसच्या पायरीवर होता. धाप लागून मला बोलता येईना. त्यानेच विचारलं की वर्नाबाई, तिसऱ्या डावातली खरंच चूक होती ना? मी म्हटलं, हो रे बाबा, होती. त्याने मोठा श्वास सोडला. म्हणाला की चेंडू बॅटवरून सुटला तेव्हाच तो सोपा आहे हे त्याला कळलं होतं, आणि तो वर बघत होता ते भीतीने, की बाई आता हिरवा दाबतील. दाबला असता तर आठव्या डावातला खरा की दयेचा, हे त्याला कधीच कळलं नसतं. मग त्याने मला मिठी मारली आणि 'थँक्यू बाई' म्हणाला. मी रडले, ड्रायव्हर घड्याळ बघत होता तरी रडले.

बस सुटली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. सगळा डेपो माझ्याकडे बघत होता. मलाही आधी कळेना माझे हात काय करतायत. ओरिन, त्या वरच्या खोलीत बसणाऱ्याने टाळी वाजवायची नसते, कोणासाठीच नाही. आठ उन्हाळे, माझ्या घरची आठ पोरं, आणि मी एकाही पोरासाठी टाळी वाजवलेली नाही. हॅराल्डनेही कधी वाजवली नाही, पण त्यांच्या घरी माझ्याशिवाय कोणी राहत नव्हतं.

खुर्ची हंगामाच्या शेवटी औषधांच्या दुकानातल्या ऑटोला देते आहे. हॅराल्डची म्हणून सोडताना वाईट वाटतंय, ते लपवत नाही. पण खुर्ची आणि पाहुण्यांची खोली, दोन्ही एका बाईला झेपत नाहीत, आणि खोली मला सोडायची नाही.

शनिवारी एमिलचा नव्या मैदानावर घरचा पहिला सामना आहे. दोनशे मैलांवर आहे, तेव्हा तुझी ती गिअरबॉक्सवाली गाडी घेऊन शुक्रवारीच इकडे ये. तू होम प्लेटच्या मागे तुझ्या पारख्यांत बस. मी साध्या बाकावर लोकांत बसणार, आणि एमिल बेसवर पोचला की घसा बसेपर्यंत ओरडणार. हिट की चूक, ते तिथल्या माणसाने बघावं.

वाट बघते.
तुझी,
वर्नाताई